ज्याचं वजन त्याला

बगीच्यातल्या ओपन जिममध्ये सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे फलक. आमच्या इंदूरच्या सुदामा नगरच्या बाजूच्या बगीच्यात तो इतर यंत्रांपेक्षा हातभर उंच आहे. कोणाच्या निधीतून, कोणाच्या करकमलांनी, कोणाच्या विशेष उपस्थितीत, सगळं ठळक अक्षरांत आणि फोटोंसकट. यंत्र वापरायचं कसं, ते मात्र खाली कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत, आणि तेही उन्हानं उडालेलं. त्यामुळे ज्यानं त्यानं आपापला व्यायाम स्वतः शोधून काढला आहे. छातीच्या यंत्रावर एक काका उलटे बसतात आणि पाठीचा व्यायाम करतात. कंबर फिरवायच्या तबकडीवर शाळेतली पोरं एकमेकांना चक्कर येईस्तोवर फिरवतात. पायांच्या यंत्रावर एक आजी रोज येऊन बसतात आणि अर्ध्या तासानं उठतात. मधे काही करत नाहीत. "गुडघ्यांना आराम पडला हो," असं सांगतात. पडणारच.

ही कल्पना आपली नाही. चीननं १९९५ मध्ये जनतेला धडधाकट करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि पुढे वस्त्यावस्त्यांत अशी रंगीत लोखंडी यंत्रं उभी केली. त्यासाठी तिथे लॉटरीचा पैसा वापरला. आपल्याकडे पार्षद निधी, विधायक निधी वापरतात. दोन्हीकडे नंबर लागावा लागतो.

यंत्राची करामत मात्र मानली पाहिजे. यात स्प्रिंग नाही, मोटर नाही, वजनाच्या चकत्या नाहीत. सुटं काही ठेवलं तर ते रात्रीतून परस्पर व्यायामाला निघून जाईल, हे बनवणाऱ्यानं आधीच ओळखलेलं. मग वजन आणायचं कुठून? बसणाऱ्याचंच घ्यायचं! समोरचा दांडा ढकलला की तरफेच्या जोरावर बैठक तुमच्यासकट वर उचलली जाते, सोडला की खाली येते. म्हणजे तुम्ही जेवढे, तेवढी मेहनत. कॉलेजातला काटकुळा मुलगा बसला तर एका बोटानं यंत्र हलवून कानातलं गाणं ऐकत बसतो. आमच्या गल्लीतले नमकीनचे व्यापारी बसले की यंत्राच्या चारही बोल्टांच्या तोंडून रामनाम निघतं. इतका प्रामाणिक हिशेब मी सरकारी किंवा खाजगी कुठल्याच खात्यात पाहिलेला नाही. वर्षभराच्या लग्नपंगतींची थकबाकी दांड्यावर हात ठेवल्याबरोबर समोर येते.

हवेत चालायचं यंत्र मात्र याच्या अगदी उलट, म्हणजे दिलदार. दोन पावट्या लोंबकळत असतात. त्यावर उभं राहिलं की पाय लंबकासारखे आपोआप पुढेमागे जातात. एकदा झोका बसला की तुम्ही फक्त सोबत असायचं. याच्यावर पायांना फारसं काही करावं लागत नाही, तरी दुरून बघणाऱ्याला हा माणूस हिमालय चढतोय असं वाटतं. म्हणून सकाळी सगळ्यात जास्त मागणी यालाच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल करावी, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा. आमच्या बगीच्यात ही १५० मिनिटं मंगळवारीच पूर्ण होतात. दम लागतो तो बोलण्यानं, एवढाच काय तो तपशिलाचा फरक.

पोह्यांचा विनोद इथे वाचकाला अपेक्षित आहे. तर व्यायामानंतर सगळे पोहे-जिलेबी खायला जातात आणि जीरावन मसाला वरून मागतात. झाला विनोद. खरी गोष्ट अशी की ठेल्यावरचे पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर गरम राहतात, त्यात तेल बेताचंच असतं. घात करते ती वरची सेव. पण सेव नको म्हणणारा माणूस मी इंदुरात अजून पाहिला नाही, आणि पाहिला तर त्याचं आधारकार्ड तपासेन.

ज्येष्ठ मंडळींना या यंत्रांचं मुळीच कौतुक नाही. "हा काय व्यायाम आहे? लोखंडाच्या खुर्चीत बसून हलणं!" असं हवेत चालता चालता एक आजोबा म्हणतात. मग आखाड्यांचा विषय निघतो. तो निघण्यासारखा आहेच. अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, त्यांच्यासोबत रात्रभर आखाडे चालतात: पटा, लाठी, बनेठी, मुद्गल. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्या गिरण्याही गेल्या, पण झांक्या आणि आखाडे चालूच राहिले. शिवाय मध्य प्रदेशानं २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं. म्हणजे जे पेशवाईच्या अखेरीस बाळंभट देवधरांनी पुन्हा उभं केलं, त्याला सरकारी शिक्का मिळाला तो भोपाळमध्ये, असं आजोबा अभिमानानं सांगतात आणि पुण्याच्या दिशेला बघतात.

"मल्लखांबाला धरायला दांडा नसतो, समजलं? वर एरंडेल चोपडलेलं. माणसानं स्वतःला सांभाळायचं." हे सांगताना त्यांचे दोन्ही हात दांड्यावर घट्ट असतात.

माझं मत विचाराल तर या सगळ्या जिममध्ये एकच यंत्र खरं कामाचं आहे, ते म्हणजे समोरासमोर दोघांनी बसायचं. बनवणाऱ्यानं ते दोघांचा खर्च वाचावा म्हणून केलं असेल, पण ओटला गेलेल्या कॉलनीला त्यानं ओटला परत दिला. आमच्या घरांना आता ओटले नाहीत, गाडीला उतार आहे. जुन्या रामबाग वस्तीत लोक संध्याकाळी दारात बसायचे. इथे दारात बसायचं तर गेटच्या आत कोंडून घेतल्यासारखं दिसतं. या यंत्रावर मात्र कोणीही कोणासमोर बसू शकतो, आणि हातपाय हलत असल्यामुळे रिकामटेकडेपणाचा आरोप येत नाही. सानंद संस्थेचं नाटक कसं झालं, मुलगा पुण्यात आहे तर फ्लॅट तिकडे घ्यावा का, सून स्वयंपाकाला बाई ठेवते ते बरोबर का, असे प्रश्न इथे सुटतात. ज्या दिवशी विषय तापतो त्या दिवशी यंत्राचा वेग वाढतो. फ्लॅटच्या विषयावर मी दोघांना खरोखर घामाघूम झालेलं पाहिलं आहे.

तर याच यंत्राचं बेअरिंग मागच्या पावसाळ्यात बोलायला लागलं. चूं करून पुढे, चीं करून मागे. भिंतीपलीकडच्या घरातले काका दोन दिवसांनी बनियनवर येऊन उभे राहिले. "काय करून राहिले तुम्ही लोक? पहाटे पाचला?" तेल घालायचं ठरलं. कोणतं, यावर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. खोबरेलवाले आणि मोहरीवाले असे तट पडले. आजोबांनी मल्लखांबाचा दाखला देऊन एरंडेल सुचवलं, तेव्हा दोन्ही तट त्यांच्याविरुद्ध एक झाले. शेवटी ब्लाउज शिवून देणाऱ्या आत्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आल्या, चार थेंब सोडले, आणि यंत्र गप्प झालं. बाटली तिथेच बैठकीखाली ठेवली, पुन्हा लागेल म्हणून.

आठवडाभरानं बनियनवाले काका परत आले. आवाज बंद झाल्यापासून त्यांना जागच येत नव्हती आणि दूधवाला दोनदा परत गेला होता.

बाटली काही फार टिकली नाही. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून पुन्हा पुन्हा देशात पहिलं आलेलं आहे. अशा गावात बेवारस बाटलीला पहाट दिसत नाही. झाडणाऱ्या ताईंनी ती उचलली आणि कचऱ्याच्या गाडीपाशी नेली. तिथे मात्र पेच पडला. इथे कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो. बाटली प्लास्टिकमध्ये, ठीक; पण आतलं तेल? "भिया, ये गीला है कि सूखा?" असं गाडीवाल्यानं विचारलं. तिघे काका एकदम बोलले आणि तीन उत्तरं आली. एकानं तर ते घातक कचऱ्यात घालायला लावलं असतं. तेवढ्यात आत्या आल्या, त्यांनी काही न बोलता बाटली घेतली, पदराला पुसली आणि घरी नेली.

आता यंत्र पुन्हा ओरडायला लागलं की कोणीतरी एक जण त्यांच्याकडे तेल आणायला जातो, चहा पितो, ब्लाउजला किती दिवस लागतील ते बायकोच्या वतीनं विचारून येतो, आणि तेल तिथेच विसरतो.