पाचवा विषय

आमच्या सोसायटीत बारावीचा एक मुलगा आहे. आपण त्याला बंड्या म्हणू. तुमच्याही सोसायटीत तो असणार, फक्त शाळा सीबीएसईची हवी. त्याचे विषय फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्लिश आणि फिजिकल एज्युकेशन. पहिले तीन जेईईसाठी, चौथा टाळता येत नाही म्हणून, आणि पाचवा टक्केवारी वर खेचायला.

आमच्या वेळी पीटीचा तास असे आणि गणिताचे सर पोर्शन पुरा करायला तो हमखास पळवत. आता त्याच पीटीला 70 मार्कांचा लेखी पेपर आणि 30 मार्कांचं प्रॅक्टिकल आहे. बंड्याच्या आईच्या मते नोट्स चांगल्या असल्या की मैदानात जायची गरज पडत नाही.

लिफ्ट बंद असली की बंड्याला दुसऱ्या मजल्यावर धाप लागते. पण धाप लागताना शरीरात काय काय चाललेलं असतं, हे तो तिथेच पायरीवर बसून सांगतो. स्ट्रोक व्हॉल्यूम, कार्डियाक आउटपुट, लॅक्टिक अॅसिड. ऐकणाऱ्यालाच धाप लागते. खाली पोरं कबड्डी खेळत होती तर हा गॅलरीतून ओरडला, "अरे, मैदान 13 बाय 10 मीटर पाहिजे! आणि बोनस रेषा निदान रेषेपासून 1 मीटरवर!"

"खाली ये ना मग!"

"उद्या टेस्ट आहे!"

गणपतीतल्या कॅरम स्पर्धेत मात्र त्याचा भाव वधारला. जोड्या आल्या 11. बंड्याने पट्टी-पेन्सिल घेऊन नॉकआउटचा तक्ता आखला. 16 मधून 11 वजा, म्हणजे पाच जोड्यांना बाय. एकूण सामने 10. सगळं शास्त्रशुद्ध. पाच जोड्या पहिल्या फेरीत न खेळताच पुढे जाणार हे कळल्यावर चिटणीसांनी आवाज चढवला, तेव्हा त्याने थेट पुस्तक उघडून दाखवलं. पहिला बाय खालच्या अर्ध्या भागातल्या शेवटच्या जोडीला मिळतो. ती शेवटची जोडी बंड्याची होती.

पण त्याचं खरं रूप पाहायचं तर आजोबांची चाचणी घेताना पाहावं. म्हाताऱ्या माणसांची तंदुरुस्ती मोजायची रिक्ली आणि जोन्स यांची एक चाचणी अभ्यासक्रमात आहे. फाइलला 5 मार्क, म्हणून घरातलाच म्हातारा धरला. आजोबा 74 वर्षांचे, रोज पहाटे पर्वती चढून येणारे. बंड्याने खुर्ची भिंतीला टेकवली, आजोबांना हात छातीशी दुमडायला लावले आणि स्वतः सोफ्यावर आडवा होऊन मोबाइलवर 30 सेकंद लावले. आजोबा उठले, बसले, उठले, बसले. 17 वेळा. पुढे हाताच्या ताकदीसाठी 8 पौंडांचं डंबेल हवं होतं. आजोबांनी स्वयंपाकघरातून तांदळाची पिशवी आणली आणि तीही भराभर वरखाली केली. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "आता तू बस बघू खुर्चीत."

बंड्या पडल्या पडल्याच म्हणाला, "नाही चालत आजोबा. ही टेस्ट साठच्या पुढच्यांची आहे."

याला आळशी म्हणणं सोपं आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं. सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री टेस्ट सिरीज. त्याला पळायला आपण ठेवलंय कधी? क्लासमध्ये जो न्यूटन त्याचा जीव घेतो, तोच या पुस्तकात गोळाफेक समजावून तीन मार्क देऊन जातो. एवढा आनंद तरी त्याने घ्यावा. पाठीचा बाक वाढला तर त्याला कायफोसिस म्हणतात हे त्याने मला स्वतः सांगितलं, तेव्हा तो पुस्तकावर पुरता वाकलेला होता.

प्रॅक्टिकलला 600 मीटरचा प्रकार आला. पुस्तकात 'रन/वॉक' असं छापलंय. बंड्याने मधली तिरकी रेघ नीट वाचली आणि तो चालला. आसनांत ताडासन केलं, कारण त्यात उभं राहायचं असतं.

निकाल लागला. फिजिकल एज्युकेशनमध्ये 97, सगळ्या विषयांत जास्त. लेखीत तीन मार्क गेले. प्रॅक्टिकलला 30 पैकी 30.