गच्चीवरचं अतिक्रमण

आबा महापालिकेच्या अतिक्रमण विभागातून निवृत्त झाले, म्हणजे पगाराची पेन्शन झाली एवढंच. खातं ते बरोबर घेऊन आले. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्यांनी थर्माकोलचे खोके, रंगाचे रिकामे डबे आणि एक फुटकं वॉशबेसिन मांडून त्यात भाजीपाला लावला. पावसाळ्यात मुळ्याच्या पानाला पहिलं भोक दिसलं, तसे आबा फवारणीचा पंप आणायला नाही, रजिस्टर आणायला खाली आले.

बाकीचे लोक भाजीसाठी बाग करतात आणि कीड ही त्यातली कटकट समजतात. आबांच्या लेखी भाजी म्हणजे नुसता मोकळा भूखंड. तो मोकळा ठेवला की कुणीतरी येऊन बसणार, आणि कुणी बसलं की मग खरं काम सुरू. मेथीला कोंब फुटला तर ते एकदा बघून पुढे जातात. मेथीवर कोण आलंय हे बघायला मात्र चार वेळा वर चढतात, गुडघ्याला पट्टा बांधून.

पाहणी रात्री असते. पानं खाणाऱ्या बऱ्याच अळ्या दिवसा मातीत नाहीतर पानाखाली दडी मारतात आणि अंधार पडला की चरायला निघतात. ‘बेकायदा बांधकामं रात्रीच होतात’ हे आबांना सर्व्हिसपासून ठाऊक. त्यामुळे साडेअकराला बनियन, माकडटोपी आणि टोपीवर बांधलेली बॅटरी अशा थाटात ते गच्चीवर असतात. नवा वॉचमन एकदा चोर समजून काठी घेऊन वर धावला. आबांनी त्याला ओरडायची संधीच दिली नाही. पंच म्हणून उभं केलं आणि सही घेतली.

त्यांचं एक कसब मात्र मानलंच पाहिजे. ते भोक पडलेल्या पानाकडे बघतच नाहीत. खालच्या पानावर पडलेल्या काळ्या-हिरव्या लेंड्या बघतात. एक दाणा बोटावर घेऊन चुरडतात, नाकाजवळ नेतात (इथे त्यांच्या पत्नी, माई, खाली निघून जातात) आणि सांगतात, “ओली आहे. आरोपी जागेवरच आहे. सरळ वर, दुसरं पान, पाठीमागची बाजू.” पान उलटावं तर अळी मधल्या शिरेला समांतर, शिरेचाच रंग घेऊन, आपण शीरच आहोत अशा भावात पडलेली.

वांग्याच्या रोपाचा शेंडा एके दिवशी मान टाकून बसला. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी पाणी कमी पडलं असा निकाल दिला. आबांनी शेंडा कात्रीने खाली बोटभर सोडून छाटला, ब्लेडने उभा चिरला आणि आत पोखरत बसलेली गुलाबीसर अळी काकांच्या चष्म्यासमोर धरली. “आधी शेंड्यात ऑफिस थाटते, मग वांग्यात शिरून गोडाऊन करते. आणि शिरलेलं भोक स्वतःच्याच घाणीने लिंपून टाकते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं रीतसर आहे!” यातला राग कितपत आणि कौतुक कितपत, हे सांगणं कठीण.

चवळीवरच्या काळ्या माव्याबद्दल बोलताना ते आवाज खाली घेतात. ही सवय जुनी. “मावा गरीब हो. रस शोषतो, पडून राहतो. मुंग्या बघा. पान खात नाहीत, शेंग खात नाहीत. माव्याच्या अंगातून गोड पाणी सुटतं, तेवढं नेतात. हप्ता! आणि त्या बदल्यात संरक्षण. ढालकिडा कारवाईला आला की त्याला हुसकून लावतात.” लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा म्हणजे त्यांच्या मते गच्चीवरचा एकमेव प्रामाणिक कर्मचारी. मावा खातो, पण नियमात राहून. पण त्याचं पोर बापासारखं दिसत नाही. काळपट, खवलेदार, अंगावर पिवळट डाग, बघताच झोडून काढावं असं रूप. पहिल्या वर्षी आबांनी असली डझनभर पोरं साबणाच्या पाण्याने साफ केली आणि कृषी खात्याच्या पुस्तिकेत पुढे फोटो पाहिला. त्या रात्री ते जेवले नाहीत. “आपल्याच माणसांवर कारवाई केली,” एवढंच म्हणाले. सर्व्हिसमध्ये हे कधी घडलं नव्हतं असं नाही, पण तिथे युनियन होती.

औषधाच्या बाबतीत ते कडक. बाजारातलं विषारी काही गच्चीवर चढत नाही. निंबोळ्या मात्र येतात. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्याने गाळायची, चिमूटभर साबणचुरा घालायचा आणि फवारणी करायची ती ऊन उतरल्यावर, कारण उन्हात निंबोळीचा गुण लवकर उडतो. इथवर सगळं ठीक. पूड मात्र माईंच्या मिक्सरवर होते, आणि मग आठवडाभर घरातल्या चटणीला जो कडवटपणा येतो त्याची कुठल्याच रजिस्टरात नोंद नाही. निंबोळी अर्क आबांना आवडायचं कारणही खात्यातलंच. “हा मारत नाही हो लगेच. अळीची खायची इच्छा जाते, कात टाकायला जमत नाही. म्हणजे काय केलं? बुलडोझर नाही लावला. पाणी तोडलं, वीज तोडली. बसा आता.” दशपर्णी अर्काचा प्रयोग पिंपात महिनाभर आंबत राहिला. त्याचा वास आधी तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरला, नंतर सोसायटीच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर चढला. तो विषय अजून ‘ऐन वेळचे विषय’ या सदरात दरवर्षी येतो.

दोडक्यावरच्या फळमाशीसाठी त्यांनी गंधाचा सापळा टांगला. बरणीत माश्या पडलेल्या पाहून आबा खूश. पण त्या सापळ्याच्या वासाला भुलून येतात ते फक्त नर, हे माईंना कळलं तेव्हा त्या बरणीकडे बघत एवढंच म्हणाल्या, “स्वाभाविक आहे.”

उत्पन्नाचं विचारू नये. जे येतं ते शेजाऱ्यांत वाटलं जातं, आणि ते भोकांसकट घ्यावं लागतं. भोक म्हणजे आबांचा शिक्का. “अळीने खाल्लंय, म्हणजे विष नाही. मंडईतला तो गुळगुळीत फ्लॉवर आणता ना, तो अळीने का सोडला याचा विचार करा.” यात तथ्य आहे, पण अर्धंच. अळीने खाल्लेला फ्लॉवरही मिठाच्या कोमट पाण्यात बुडवूनच घ्यावा लागतो, नाहीतर भाजीत पाहुणा निघतो. आबांच्या घरी भाजी स्टेशनजवळच्या भाजीवालीकडून येते. माई ती पिशवी पाठच्या जिन्याने आणतात.

खरी कसोटी लागली ती लिंबाच्या कुंडीपाशी. कोवळ्या पानावर पक्ष्याने शिटावं तसं काहीतरी होतं. आबांनी काडीने टोचलं तर शिटेने मान वर केली आणि डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढलं. आंबट, उग्र वास सुटला. “नोटीस बजावायला गेलो तर लोकांनी शिव्या दिल्यात, दगड मारलेत, पण शिंग कुणी दाखवलं नव्हतं,” म्हणत आबांनी रीतसर पुनर्वसनाचा निर्णय घेतला. लिंबावरच्या या अळ्यांना कढीपत्ताही चालतो. म्हणून कोपऱ्यातल्या कढीपत्त्याच्या डब्यावर ‘संक्रमण शिबिर’ असा पुठ्ठा लागला आणि अळ्या चमच्याने तिकडे हलवण्यात आल्या. संक्रमण शिबिरातून कुणी हलत नाही हे ठाणे-मुंबईतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शिवाय फोडणीला कढीपत्ता लागला की माई कात्री घेऊन शिबिरात शिरायच्या आणि आबा ‘स्थगिती आहे!’ म्हणून ओरडायचे.

तेवढ्यात कुणीतरी त्यांना घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीतल्या फुलपाखरांच्या बागेत नेलं. तिथे माणसं पैसे देऊन आत येतात आणि अळ्यांनी खावं म्हणून मुद्दाम झाडं लावलेली असतात, हे पाहून आबा गप्प झाले. त्यातच कळलं की महाराष्ट्राने 2015 साली ब्ल्यू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं आहे, आणि त्याच्या अळ्याही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढतात. लहानपणी त्याही शिटेसारख्याच दिसतात.

परतताना रिक्षात आबांनी मला विचारलं, “म्हणजे माझ्या कुंडीतली राज्य फुलपाखराची असली तर? शासकीय मालमत्तेला नोटीस काढता येते का?”

ओळख पटेपर्यंत कारवाई तहकूब झाली. चुकून राहिलेली एक अळी लिंबावरच होती. तिला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. तिने शिटेचं सोंग टाकलं, हिरवीगार झाली आणि मग पाच-सहा दिवसांत झाडाचा असा फडशा पाडला की उरले ते काटे. काटे तिला बहुधा कागदपत्र म्हणून ठेवायचे होते. मग एका फांदीला धाग्याने स्वतःला बांधून तिने कोष केला. आबा रोज भिंगातून बघायचे. निळं निघालं तर राज्याचं, पिवळं-काळं निघालं तर साधं लिंबाचं. त्यांनी पेढ्यांचा अर्धा डबाही आणून ठेवला होता.

एका सकाळी त्यांची हाक ऐकून मी वर गेलो. कोषाला टाचणीने पाडावं तसं एक गोल छिद्र पडलं होतं आणि त्यातून मुंगीहूनही बारीक, हिरवट चकाकणाऱ्या गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. कोषातच अंडी घालून पोरं आतल्या आत वाढवणारी ही जात. फुलपाखरू, ते राज्याचं असो की साधं, कधीच संपलं होतं.

मला वाटलं आबा खचणार. ते कठड्यावर बसले, एक पेढा तोंडात टाकला आणि मांडीवर थाप मारली. “पोटभाडेकरू! अहो, अतिक्रमण करणाऱ्याच्याच घरात पोटभाडेकरू! सर्व्हिसमध्ये अशी एकच केस सापडली होती, तीही कोर्टात अडकली.” मग जिन्यात वाकून हाक मारली, “माई, रजिस्टर!”

“संपलंय,” खालून आवाज आला. “लिंबं आणायला निघालेय मार्केटात. आणू का येताना?”

“दोनशे पानी आण!”