पीडीएफराव

प्रत्येक सरकारी कचेरीत एक पीडीएफराव असतातच. पदनाम कनिष्ठ लिपिक असेल, आवक-जावक असेल, पण खरं काम एकच: प्रणालीत मंजूर झालेला मजकूर बाहेर काढायचा आणि संकेतस्थळावर चढवायचा. कचेरीच्या भाषेत, ‘अपलोड मारायचा’.

ई-ऑफिसमध्ये परिपत्रक तयार असतं. अक्षर न् अक्षर स्वच्छ युनिकोडमध्ये. शेजारीच पीडीएफचं बटण. पीडीएफराव त्या बटणाकडे परस्त्रीकडे पाहावं तसं, म्हणजे न पाहिल्यासारखं पाहतात आणि प्रिंट काढतात. त्यावर साहेबांची सही, सहीवर गोल शिक्का, आणि मग तो कागद स्कॅनरच्या काचेवर. झाकण लावताना कागद थोडा सरकतोच. त्यामुळे शासनाचं धोरण डावीकडे कललेलं दिसतं आणि कोपऱ्यात पीडीएफरावांचा अंगठाही प्रसिद्ध होतो. फाइलचं नाव ‘स्कॅन००४७ फायनल नवीन’. तीन पानं उघडायला गावाकडच्या मोबाइलवर चहा पिऊन होतो. आत ‘शिष्यवृत्ती’ शोधा, एकही सापडत नाही. मथळ्यात ठळक छापलेली असते.

“सरळ एक्स्पोर्ट का नाही करत हो?” मी विचारलं.

“त्यावर सही कुठंय?”

“डिजिटल सही असते की.”

“असते ना. पण फाइल उघडली की तिच्यावर पिवळं प्रश्नचिन्ह येतं. साहेबांच्या सहीवर प्रश्नचिन्ह मी लावू?”

ते चिन्ह साहेबांबद्दल नसून, सहीच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा हे त्या संगणकाला कुणी सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण हे पीडीएफरावांना सांगून उपयोग नाही. साहेबांना तर नाहीच नाही.

त्यांची भीती अगदी हवेतली मात्र नाही. त्यांची उमेद गेली ती जुन्या फाँटांच्या काळात. प्रत्येक फाँटचा सांकेतिक कारभार वेगळा. इथं टाइप केलेला ‘मा. आयुक्त’ तालुक्याच्या संगणकावर पोचेपर्यंत डॉलर, कंस आणि रोमन अक्षरांची जत्रा व्हायचा, आणि खुलासा पीडीएफरावांनी द्यायचा. चित्राचं तसं होत नाही. चित्र कुठंही गेलं तरी आयुक्त आयुक्तच राहतात.

खरं तर नेमक्या याच दुखण्यावर अडोबीनं १९९३ मध्ये पीडीएफ काढली: फाँट फाइलच्या पोटातच घालून पाठवता येईल, कागद सगळीकडे सारखा दिसेल. जतन करायच्या दस्तऐवजांसाठी पीडीएफ/ए नावाचं प्रमाण आलं, त्यात तर फाँट पोटात असणं सक्तीचंच. ते साल २००५. माहिती अधिकार कायदाही त्याच वर्षीचा. त्याच्या कलम ४ नुसार कुणी मागण्याआधीच माहिती लोकांपुढे ठेवायची. पीडीएफरावांना त्यातल्या १७ बाबी तोंडपाठ आहेत. सतराही स्कॅन करून चढवल्यात. चौदावी उलटी.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, फायली जळाल्या, आणि कागदावर विसंबू नका असं जो तो सांगू लागला. पीडीएफरावांनीही धडा घेतला. तेव्हापासून ते प्रिंट दोन काढतात.

परवा एक तरुण अर्जदार आला. म्हणाला, “काका, मला शोधता येईल अशी सॉफ्ट कॉपी हवी.” पीडीएफरावांनी चष्मा सावरला, कपाटातून नियमांची झेरॉक्स काढली आणि केंद्राच्या २०१२ च्या माहिती अधिकार नियमांतल्या शुल्काच्या ओळीवर बोट ठेवलं. फ्लॉपी, प्रत्येकी ५० रुपये.

“नियमात आहे. देतो की,” ते म्हणाले. “फ्लॉपी तुम्ही आणताय, का आमची घेताय?”