मागचा टायर प्रलंबित आहे

बसा. चहा येतोय. तुमच्याकडे दुचाकी असेल तर पुढचं सगळं तुम्हाला कळेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात, तरी ऐका.

माझ्याकडे साडेतीनशेची जुनी बुलेट आहे, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची. विंझरला एका भातगिरणीच्या पडवीत ती कोंडा पांघरून उभी होती. तिथून टेम्पोत घालून भोरला आणली आणि भाच्याच्या आग्रहाखातर तिची ‘स्ट्रीट’ गाडी करायला घेतली. म्हणजे मडगार्ड तोकडे, सीट सपाट, हँडल खाली, आणि कंपनीने जे जे झाकून दिलं होतं ते सगळं उघडं. टाकी, सायलेन्सर, रंग ही कामं सुरळीत पार पडली. त्याबद्दल माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही. तक्रार टायरची आहे, आणि ती मी मुद्देसूद मांडणार आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज आवक-जावकला नोंदवले, एखादा आपलाही असावा.

मुद्दा पहिला, मोजमापाचा. आपल्या देशाने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला आणि मेट्रिक पद्धत आणली. शेर गेले, मण गेले, इंच-फूट कागदोपत्री तरी गेले. आज बाजारात भाजीवालीने तागडीत दगड टाकून ‘घ्या पावशेर’ म्हटलं, तर वैधमापनवाले तिला जाब विचारू शकतात. आता टायरच्या अंगावर काय छापलंय ते बघा : ९०/९०-१९ ५२पी. पहिले नव्वद ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ठीक. दुसरे नव्वद दिसायला अगदी तसेच, पण ते मिलिमीटर नव्हेत, टक्के. रुंदीच्या नव्वद टक्के उंची. आणि एकोणीस हा रिंगचा व्यास, तो इंचात. मध्ये एक तिरपी रेघ आणि एक आडवी रेघ, एवढ्या कुंपणावर मिलिमीटर, टक्के आणि इंच शेजारीशेजारी नांदतायत. त्यात हवा भरायला गेलात की ती पौंडात. सगळं उघडउघड, रबरात कोरून. आणि जाब कुणाला, तर भाजीवालीला.

बावन्नाचं प्रकरण वेगळं. मला वाटलं बावन्न किलो असेल, पण तेवढं तर भाच्याचंच वजन आहे. बावन्न हा नुसता क्रमांक. त्याचा अर्थ तो टायर दोनशे किलो पेलतो. ५१ म्हणजे १९५, ५३ म्हणजे २०६. कधी पाचाने वाढ, कधी सहाने. का, ते विचारायचं नाही. शेवटचा ‘पी’ वेगाचा, म्हणजे ताशी १५० किलोमीटर. माझ्या गाडीत अठरा घोडे आहेत आणि त्यातले काही वयस्कर आहेत, त्यामुळे इथे माझी हरकत नव्हती. पण पुढचा तक्ता वाचला. पी, क्यू, आर, एस, टी, यू असा रांगेने दहा-दहा किलोमीटर वाढत वेग २०० वर येतो, आणि यू आणि व्ही यांच्यामध्ये कोण बसलंय? एच. ताशी २१० ला. सेवाज्येष्ठता डावलून. आय, जे, के, एल या अक्षरांनी कुठे दाद मागितल्याचं ऐकिवात नाही. सोसतायत बिचारी.

हे असं का, याचा मी थोडा मागोवा घेतला. हवेच्या टायरचं १८८८ चं पेटंट ज्या डनलॉपच्या नावावर आहे, तो बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीसाठी त्याने हा उद्योग केला. एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली. सिएट मूळची १९२४ ची, इटलीतल्या तुरीनची, विजेच्या तारांची कंपनी. गुरांचा डॉक्टर, फुगेवाले आणि वायरमन. मी कुणाला नावं ठेवत नाही. फक्त नस्तीत असावं म्हणून सांगितलं.

आता मुख्य प्रकरण. जुन्या बुलेटला पुढे आणि मागे एकच माप असायचं, ३.२५-१९. दोन्ही चाकं सारखी. मागचा टायर लवकर झिजतो, तर मेस्त्री पुढचा मागे टाकायचे, मागचा पुढे, आणि दोन दिवाळ्या निघायच्या. ही व्यवस्था कुणाला तरी बघवली नाही. नव्या गाड्यांना पुढे एकोणीस इंच आणि मागे अठरा. परिणामी पुढच्या एकोणीसला दुकानात बरे टायर मिळतात, आणि मागच्या एकोणीसला मिळतो तो एकच, ज्याच्या नक्षीकडे बघून भाचा म्हणाला, “मामा, हा दूधवाल्याचा टायर आहे.” भोरच्या दुधावर वाढलेला मुलगा हा.

मेस्त्रींनी तोडगा काढला : मागची रिंगच अठराची करा. ऐकायला सोपं आहे. रिंग बदलली की तारा आखूड लागतात, तारा बदलल्या की चाक नव्याने बांधायचं, बांधलं की आऊट काढायचा. एवढं करून त्यावर ११०/९०-१८ चा जाड टायर चढवायचा. मी रात्री वही घेऊन गणित केलं. जुन्या चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ६४८ मिलिमीटर, नव्याचा ६५५. म्हणजे रिंग एक इंचाने लहान करायची, टायर तेवढाच जाड करायचा, आणि गाडी होती तेवढ्याच उंचीवर राहणार. सात मिलिमीटरसाठी सगळा खटाटोप. सरकारी योजनेत निदान मध्ये कुणाचं तरी भलं होतं.

बरं, जाड टायर चिमट्यात मावला पाहिजे. चैनच्या बाजूला मेस्त्रींनी बोट घालून बघितलं, बोट गेलं नाही. पोस्टकार्ड घालून बघितलं, ते गेलं. “बसतंय की,” मेस्त्री म्हणाले. टायर फिरताना फुगतो, चिखल धरतो, चैन सैल झाली की उड्या मारते, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिलं. त्यावर त्यांनी पोस्टकार्ड मला परत केलं. मग थोडा अरुंद टायर बघा म्हणावं, तर भाचा तोंड पाडून बसतो. आणि जुन्याच अरुंद रिंगवर जाड टायर चढवावा, तर त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, माथा नको तितका गोल होतो आणि वळणावर गाडी आडवी व्हायला कुरकुरते. हे मी तीन वेगवेगळ्या माणसांना समजावून सांगितलं आणि तिघांनीही मला विचारलं, “ॲव्हरेज किती देते?”

कायद्याचं तर बोलूच नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (टायरवरच्या ५२ चा याच्याशी संबंध नाही, मी खात्री करून घेतली) म्हणतं की कंपनीने जे ठरवून दिलंय त्यापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा फेरफार गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं, आणि त्याच साली कायद्यात दुरुस्ती होऊन दर फेरफारामागे पाच हजारांच्या दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची सोय झाली. दर फेरफारामागे! आता रिंग हा एक फेरफार, टायर दुसरा आणि तारा तिसरा, की मिळून एकच चाक धरायचं? तारा धरल्या तर एकेक तार वेगळी मोजणार का? सक्षम प्राधिकारी कोण, अर्जाचा विहित नमुना कोणता, हे मी विचारत फिरलो. ज्याने त्याने आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्या वयाकडे.

पण खरा अन्याय रस्त्यावर आहे. टायरच्या दुकानात वर्गवारी ठरलेली असते : रस्त्यावरचा, घाटमाथ्यावर पळवायचा, लांब पल्ल्याचा, आणि मातीतला तो ‘बटण’ टायर. रस्त्याचा टायर गुळगुळीत, त्याला खाचा कमी. डांबराला जास्त रबर टेकतं, वळणावर धरतो. बटण टायरचे ठोकळे मोठे आणि लांबलांब. चिखल त्यांच्यातून निसटून पडतो, पण डांबरावर तो घोंघावतो, आणि मधले ठोकळे आधी झिजून मध्येच गोटा होतो. रबर मऊ असेल तर धरतं पण लवकर संपतं, कडक असेल तर पुरतं पण ओल्यात सुटतं. म्हणजे तुम्ही कुठल्या रस्त्याने जाता ते सांगा, मग टायर सांगतो, असा दुकानदाराचा रास्त प्रश्न.

मी सांगितलं : भोर ते वेल्हे. आता तालुक्याचं नाव राजगड झालंय, पण खड्ड्यांना अजून कळवलेलं नाही. भोरहून कापूरहोळपर्यंत कधी डांबर, कधी डांबराची आठवण. कापूरहोळला हायवे, तिथे ट्रक शंभरने येतात आणि तुम्हीही तसंच यावं अशी त्यांची अपेक्षा असते. चेलाडीला वळून नसरापुरात शिरलात की सिमेंट. पुढे मार्गासनीपर्यंत सिमेंट, डांबर आणि खडी यांचं सामंजस्य. आणि आषाढात चिखलणी करून वर आलेला ट्रॅक्टर आपल्या लोखंडी चाकांतला इंद्रायणीचा अर्धा वाफा रस्त्यावर ठेवून जातो. त्या काळ्या लगद्यावरून जाताना माणूस मांडी घालून बसल्यासारखा स्तब्ध होतो. ब्रेक नाही, एक्सलेटर नाही, देवाचं नावही हळूच. रविवारी तोरण्याला आणि मढे घाटाला निघालेली पुण्याची मंडळी आपापले महागडे टायर घेऊन तिथेच आडवी होतात. मला त्यात आनंद नाही. मी नोंद घेतो.

दुसऱ्या बाजूला वरंधा घाट. तिथे पावसाळ्यात दरडी येतात आणि कित्येक वर्षं ऐन पावसात घाट वाहतुकीला बंद ठेवण्याचा आदेश निघतो. म्हणजे ज्या घाटासाठी ओल्यात धरणारा टायर घ्यावा, तो घाट ओल्यात बंद. मग कोरड्यासाठी घ्यावा, तर कोरड्यात कुठलाही चालतो.

एवढं सगळं ऐकून दुकानदार म्हणाला, “काका, तुम्हाला स्ट्रीट पाहिजे की ऑफरोड?” मी म्हटलं, “बाबा, मला एकाच किलोमीटरमध्ये दोन्ही पाहिजे.” तसा टायर आहे म्हणाला. निम्मा हा, निम्मा तो. भाव मात्र दोन्हींचा मिळून.

असो. पुढचा टायर आला. एका कंपनीचा पुढचा आला आणि त्याच्या जोडीचा मागचा ‘वरून येत नाही’, हे ओघाने आलंच. पुढचा बसवून गाडी अंगणात लावली आणि नवीच आपत्ती उभी राहिली. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. साच्यातली हवा जिथून बाहेर पडते त्या भोकांत रबर शिरून ते होतात. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस गाडीजवळ उकिडवा बसतो आणि बोलता बोलता ते केस उपटतो. विचारत नाही. पोस्टमनने उपटले. वीजबिल वाटणाऱ्याने उपटले. व्याही आले, चहा घेतला, गाडीची स्तुती केली आणि निघताना मूठभर उपटून खाली टाकले. जावळ काढायला निदान मुहूर्त असतो आणि मांडीवर घ्यायचा मान मामाचा असतो. इथे मामा मी, आणि माझ्या देखत हे चाललंय. भाच्याला म्हटलं, पाटी लाव. तो म्हणाला, “मामा, तसेही रस्त्यावर घासून जाणारच आहेत.” या पिढीचं हेच.

शिवाय नवा टायर पहिले काही दिवस निसरडा असतो, तो जपून चालवून घासून घ्यायचा असतो. मागचं चाक नसलेली गाडी कशी घासायची ते कुणी सांगत नाही. ती ठोकळ्यावर उभी आहे. कोंबड्या तिच्याखाली बसतात.

काल दुकानातून फोन आला. मागचा आला म्हणे, अठराचा, जोडीचा नाही पण ‘तसाच’. मी लगेच गेलो. टायर कधी बनला ते त्याच्यावर चार आकड्यांत लिहिलेलं असतं, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२३ असेल तर २०२३ चा तेविसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेलं रबर कडक होतं, म्हणून हे बघून घ्यावं असं सगळे जाणकार सांगतात. मी म्हटलं, आकडे दाखव. टायर वरपासून खालपर्यंत कागदाच्या पट्टीत गुंडाळलेला होता. दुकानदार म्हणाला, “पट्टी सोडावी लागेल.” मी म्हटलं, सोड की. तो म्हणाला, “सोडतो काका, पण पट्टी सोडली की माल परत घेत नाही.”