लिटमसनाना

म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा माणूस आधी दात बघतो, मग खूर, मग चाल. आणि सगळं मनासारखं जमलं की उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवतो. लिटमसनाना लाळ बघतात. पौष पौर्णिमेला यात्रा भरली की खांबलिंगेश्वराला नारळ फोडून ते थेट बैलबाजारात शिरतात. खिशातून पट्ट्यांची चिमुकली वही निघते. त्यातली तांबडी पट्टी रवंथ करणाऱ्या बैलाच्या ओठाला लागते, निळी होते आणि नाना डोळे मिटून निकाल देतात, "अल्कली आहे."

"अल्कली कुठली, खिल्लारी आहे!" मालक म्हणतो. "घ्यायचाय का?"

नानांना बैल घ्यायचा नसतोच. त्यांची हयात एका शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या पुसण्यात आणि परीक्षानळ्या मोजण्यात गेली. मांडामांड नानांची, शिकवणं सरांचं. इतकी वर्षं तुंबलेलं ते शिकवणं निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी गावावर सुटलं, ते अजून ओसरलेलं नाही.

बरं, माणूस थापा मारत नाही, हीच पंचाईत आहे. गुराच्या तोंडात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ सुटते. त्या लाळेत सोड्यासारखे क्षार असतात आणि पोटात आंबणाऱ्या चाऱ्याचं आम्ल ते मारतात, हे अगदी खरं आहे. पण ते ऐकताना मालकाचं गिऱ्हाईक पुढच्या दावणीला निघून जातं, त्याचं काय?

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. एका हळदीत वरमाईने मुलाच्या सदऱ्यावरचा पिवळा डाग साबणाने चोळला आणि तो रक्तासारखा लाल झाला. बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी "अपशकुन" म्हणालंसुद्धा. तेवढ्यात नाना मांडवातून धावत आले, डीजे बंद करायला लावला आणि माइक हातात घेतला. "भगिनींनो, साबण अल्कली आहे. अल्कली लागली की हळद लाल होते. आता आम्ल बघा!" लिंबू पिळलं, डाग पुन्हा पिवळा. टाळ्या पडल्या. इथे माइक परत द्यायला हवा होता. नानांनी मामाचा सदरा मागितला, मग करवलीचा रुमाल, मग बँडवाल्याची बाही. नवरदेव अर्ध्या हळदीने पाटावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी वरमाईने सदरा नुसता उन्हात टाकला. उन्हाने हळद उडते, हे तिला ठाऊक होतं. माइक तिच्या हातात कुणी दिला नव्हता, एवढंच.

राबाच्या दिवसांत तर नानांना पाहून लोक वाट बदलतात. भाताचं रोप जिथे टाकायचं तिथे शेण, टहाळे, पालापाचोळा, गवत रचून उन्हाळ्यात राब भाजायचा, ही मुरबाड-शहापूरची जुनी रीत. सह्याद्रीचा पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो आणि माती आंबट होते. राबाची राख अल्कली, ती आंबटपणा मारते, पोटॅश देते. आणि आगीत तणाचं बी जळतं ते वेगळंच. नाना बांधावर उभे राहून हे सगळं सांगतात, धुराने डोळे पुसत. एकदा त्यांनी पीएचची मोजपट्टीही समजावली : सात म्हणजे शुद्ध पाणी, खाली आंबट, वर बुळबुळीत, आणि एकेक पायरी दहापटीची. "1909 साली सोरेन्सन नावाच्या माणसाने ही काढली. कोपनहेगनला, कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत!"

राब भाजणाऱ्यांनी पहिल्यांदाच काठ्या खाली ठेवल्या. "बिअरवाल्यांच्या?"

"हो."

"मग तिथे नोकरीला काय शिकावं लागतं, नाना?"

पंगतीला त्यांच्या शेजारचा पाट शेवटपर्यंत रिकामा असतो. वरणभाताचा पहिला घास तोंडाशी गेला, की नाना सांगणार, "तुमच्या जठरात आत्ता हायड्रोक्लोरिक आम्ल सुटलंय. संडास धुवायच्या बाटलीत असतं ना, तेच." त्यांना स्वतःला पित्ताचा जबर त्रास, पण औषधाची पुडी नको. सोडा आणि लिंबूसत्वाला एवढे पैसे कोण देतं, म्हणून घरीच मिश्रण करतात. त्या रात्री आळीतली कुत्री त्यांच्या ढेकरांना उत्तर देतात.

काकू हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करतात. पितळेच्या पातेल्याला कल्हई करून घेतल्याशिवाय त्यात ताक ठेवत नाहीत, आणि का ते नानांना विचारत नाहीत.

परवा परड्यात नानांना भुवईवर काहीतरी चावलं. नातवंडाने एका हातात चुन्याची डबी आणली, दुसऱ्या हातात लिंबू. नानांनी दोन्ही हात अडवले. "थांब! मधमाशी असेल तर विष आम्ल, चुना लावायचा. गांधीलमाशी असेल तर लिंबू. आधी चावणारा सापडू दे!" आणि एक डोळा मिटत चालला तरी ते दुसऱ्याने अळूच्या पानाखाली गुन्हेगार शोधत राहिले.

काकू आल्या. नखाने भुवईतला काटा खरवडून काढला, नानांच्या तळहातावर ठेवला. "नांगी मागे राहिल्येय. मधमाशी."

"म्हणजे चुना!" नाना आनंदाने ओरडले.

"विष कातडीच्या आत गेलंय, वरून चुना फासून काय होणार?" काकूंनी गार पाण्याची घडी भुवईवर दाबली आणि लिंबाचं सरबत करून दिलं. चुना त्यांनी आपल्या पानाला लावला.