अर्जवाले नाना

तालुक्याच्या कचेरीत दोनच प्रकारची माणसं येतात. एक म्हणजे अन्याय झालेली आणि दुसरी म्हणजे तीही अन्याय झालेलीच. अन्याय केलेला माणूस त्या आवारात आजवर कोणी पाहिलेला नाही. याचं बरंचसं श्रेय फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसणाऱ्या अर्जवाल्या नानांना द्यावं लागेल.

नानांचं सगळं बिऱ्हाड एका पत्र्याच्या टेबलावर मावतं. कोऱ्या कागदांची चळत, कार्बन, टाचण्यांची डबी, कोर्ट फी स्टॅम्प आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं, किल्ली हरवलेलं एक कुलूप. टाइपरायटर त्यांनी केव्हाच घरी नेऊन ठेवला. "टाइप केलं की सगळ्यांचं दुःख सारखंच दिसायला लागतं," असं त्यांचं म्हणणं. पलीकडे झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर छापील अर्ज मिळतात, नाव आणि गट नंबर भरला की काम झालं. पण ज्याला केवळ अर्ज करायचा नसून जिंकायचं असतं, तो नानांपुढच्या स्टुलावर येऊन बसतो.

बसला की तो आजोबांपासून सुरू करतो. नाना दोन पिढ्या मुकाट्याने ऐकून घेतात. मग चष्मा वर सरकवून म्हणतात, "झालं? आता गोष्ट कुठून सुरू करायची ते मी सांगतो."

शेतरस्त्याचा तंटा हा नानांचा हातखंडा. एकदा मी शेजारीच चहा पीत उभा होतो. नाना एका शेतकऱ्याला समजावत होते, "हे बघा, १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम. त्याचं कलम ५. असलेला रस्ता कोणी अडवला तर हे कलम. आणि रस्ता मुळात नसेलच, तर १९६६ ची जमीन महसूल संहिता, कलम १४३. त्यात दुसऱ्याच्या बांधावरून नवा रस्ता मागता येतो. आता बोला, रस्ता होता की नव्हता?"

शेतकऱ्याने क्षणभर विचार केला. "तुम्ही म्हणाल तसं."

"होता म्हणू. अडवला कधी?"

"तीन वरसं झाली की!"

नानांनी पेन खाली ठेवलं. कलम ५ चा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. "तीन वर्षांपूर्वीचं विसरा. त्यानंतर काही केलं का त्याने?"

"मागल्या महिन्यात काटं टाकलं बाभळीचं."

"मग गोष्ट काट्यांपासून सुरू!" नानांचा चेहरा उजळला आणि कागदावर अक्षरं उतरू लागली: 'सदरचा गाडीरस्ता अर्जदाराच्या वाडवडिलांपासून वहिवाटीचा असून, गेल्या महिन्यात जाबदेणार यांनी त्यावर हेतुपुरस्सर काटे टाकून अर्जदारास त्याच्याच शेतात जाण्यास मज्जाव केला आहे.' तीन वर्षांचं भांडण एका महिन्यात बसलं, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

काही दिवसांनी तोच तंटा दुसऱ्या पायांनी चालत आला. जाबदेणार नोटीस घेऊन त्याच स्टुलावर बसला. "नाना, बघा हो, काय वाट्टेल ते लिहिलंय यात."

"कोणी लिहिलं?" नानांनी गंभीरपणे कागद हातात घेतला, आपलंच अक्षर परक्यासारखं वाचलं आणि मान हलवली. "लिहिणारा हुशार आहे. पण आपण बघू." मग जबाब उतरला: 'सदर ठिकाणी रस्ता कधीही नव्हता व नाही. पीक नसताना, केवळ माणुसकीच्या नात्याने अर्जदारास उन्हाळ्यात जाऊ देण्यात येत होते. त्या चांगुलपणाचा गैरफायदा घेऊन…' बाभळीच्या काट्यांचं काय झालं? ते 'मोकाट जनावरांपासून पिकाच्या रक्षणासाठी' झाले. दोघांच्या मधल्या बांधावरचा आंबा अर्जात पूर्वेला होता, जबाबात पश्चिमेला गेला. तहसीलदार नवे होते. त्यांनी आधी विचारलं म्हणे, की झाडं किती आहेत?

यावरून नानांना खोटारडा म्हणाल तर ते तुमच्यावर अब्रुनुकसानीचा अर्ज लिहितील, आणि वर तुमचा जबाबही लिहून देतील. "मी घडलेलं बदलत नाही," ते सांगतात. "मी फक्त उभा राहायची जागा बदलतो." आपल्या पक्षकाराच्या हातून कधीच काही घडत नाही, त्याच्याकडून ते आपोआप होतं. समोरच्याने बांध कोरलेला असतो. आपल्याकडून नांगरट करताना माती सरकलेली असते. समोरच्याने दगड मारलेला असतो. आपल्याकडे झटापटीत दगड लागलेला असतो, जणू तो दगडच सकाळपासून संधी शोधत होता. समोरचा 'दांडगाई' करतो, आपला पक्षकार फार तर 'विचारणा' करायला जातो. चार भावांना आणि एक काठी घेऊन जातो हे खरं, पण विचारणाच करायला.

अशा माणसाला वाचनाची आवड असावी हे साहजिकच, पण नाना कादंबरी वाचत नाहीत, तपासतात. वाचनालयातून त्यांनी 'ययाति' नेली. १९५९ सालची ही खांडेकरांची कादंबरी, पुढे १९७४ मध्ये तिला ज्ञानपीठ मिळालं, हे सगळं मी त्यांना कौतुकाने सांगितलं. परत करताना नाना म्हणाले, "ययातीचा जबाब झाला. देवयानीचा झाला, शर्मिष्ठेचा झाला. पण ज्याचं तारुण्य गेलं त्या पुरूचा जबाबच नाही! मुख्य फिर्यादीला न विचारता प्रकरण निकाली काढलं. अपिलात टिकणार नाही."

'मृत्युंजय'वर तर त्यांनी शेरा मारायचाच बाकी ठेवला. "साक्षीदार सहा, आणि सहाही कर्णाचेच गोडवे गाणारे. बायको, भाऊ, मित्र यांचं समजू शकतो. कुंती आई आहे, तिचंही सोडा. पण श्रीकृष्ण? समोरच्या पार्टीचा सारथी! तोही फितूर! आणि अर्जुनाला साधी नोटीससुद्धा नाही." थोडं थांबून ते हळूच म्हणाले, "पण लिहिणारा तयारीचा. मीसुद्धा असंच केलं असतं."

जगाला दोन्ही बाजू पुरवणाऱ्या या माणसाला स्वतःची बाजू मांडायची वेळ एकदा आलीच. धाकट्या भावाने घरावर नवे पत्रे घातले आणि पावसाळ्यात त्याच्या पागोळ्या नानांच्या अंगणात धो धो पडू लागल्या. नानांनी ग्रामपंचायतीला अर्ज केला. तो अर्ज त्यांनी मला पाठ म्हणून दाखवला होता. त्यात पाऊस भावाच्या सांगण्यावरून पडत असल्याचा भास होत होता.

चारच दिवसांत भाऊ नोटीस घेऊन कडुनिंबाखाली हजर. "नाना, जबाब लिहून दे."

"मला काय सांगतोस? त्या झेरॉक्सवाल्याकडे जा."

"त्याला तुझी सर नाही," भाऊ म्हणाला.

नाना कौतुकापुढे हरले आणि पेन उघडलं. त्या जबाबातलं एक वाक्य गावात अजून सांगतात: 'अर्जदार हे जाबदेणार यांचे ज्येष्ठ बंधू असून पित्यासमान आहेत, परंतु आयुष्यभर लोकांचे तंटे लिहून त्यांना आता स्वतःच्या घरातही पक्षकारच दिसू लागले आहेत.' भावाला एवढं सुचलं नसतं. त्याने सांगितलं होतं फक्त, "पाणी काय आजचं पडतंय का!"

सरपंचांनी अर्ज आणि जबाब शेजारी शेजारी ठेवले, एकच अक्षर पाहिलं आणि दोघा भावांना चहा पाजून घरी पाठवलं. पागोळ्या अजूनही नानांच्याच अंगणात पडतात. नाना मात्र ही हकीकत सांगताना शेवट असा करतात: "निकाल पूर्णपणे माझ्याच बाजूने लागला. दोन्ही बाजू माझ्याच होत्या ना!"

हे सगळं लिहून झाल्यावर रीत म्हणून मी त्यांना वाचायला दिलं. नानांनी चष्मा पुसला, शेवटपर्यंत वाचलं, काही ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. "लिखाण ठीक आहे. पण सुरुवात माझ्यापासून केलीत, म्हणजे आरोपी मी झालो. स्वतःला बघा कसं चहा पीत उभं केलंय, बाजूला, निर्दोष!" मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि तळाशी वळणदार अक्षरात लिहिलं: 'वरील मजकूर वाचून पाहिला. तो एकतर्फी असून आम्हांस मान्य व कबूल नाही.'

खाली सही केली, तारीख घातली आणि हात पुढे केला. "जबाबाचे पन्नास रुपये झाले."