पाच गावं आणि बेबी

– काकू, कामात आहात?

– माळ घातली घटाला, आता मोकळीच आहे. ये, गडगा ढासळलाय ना, तिथे उभी राहा. तोंड तरी दिसेल तुझं. आलीस कधी?

– काल रात्री. सॅक अजून ओटीवर तशीच पडलीय.

– सॅक? या वयात पाठीला बोचकं लावून फिरलात दोघी?

– इलाजच नव्हता. चाकांची बॅग इटलीतल्या त्या गावांत काय कामाची? गावात मोटार येत नाही आणि रस्ता म्हणजे जिना. एक नवरा-बायको कपाटाएवढ्या दोन बॅगा घेऊन जिन्याच्या मध्यावर भांडत होते. भाषा कुठली ते देव जाणे, विषय मात्र स्पष्ट कळत होता.

– आणि ऐन पितृपंधरवड्यात गेलात त्या?

– तिकिटं त्याच पंधरवड्यात स्वस्त मिळाली. शिवाय तिकडे सप्टेंबरात द्राक्षं उतरवतात, बेबीला ते बघायचं होतं.

– बेबी म्हणजे ती खेडची? बारशाला आली आणि तुपाची वाटी जवळ ओढून बसली, तीच ना?

– तीच. निघाली तीसुद्धा तुपाची बरणी घेऊन! मी म्हटलं, बाई, युरोपात दुधातुपाचं काही नेऊ देत नाहीत, काढून घेतील. मग बरणी मुंबईला भावाकडे ठेवली. ठेवताना जे तोंड केलंन, भाऊ म्हणाला, हवं तर मीच जातो इटलीला, तू थांब तुपापाशी.

– पण मला एक सांग, समुद्र बघायला एवढं लांब कशाला? आगराच्या टोकाला काय आहे मग?

– तसा समुद्र नाहीच तो काकू. पुळण अशी एका मोंतेरोस्सोत तेवढी. बाकी व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे, या चार गावांत डोंगर सरळ पाण्यात उतरतो. पाच गावं मिळून चिंक्वे तेर्रे म्हणतात. मिलानहून आगगाडीने तीनेक तास, आणि एकदा तिथे पोचलं की एका गावाहून दुसऱ्या गावाला पाच मिनिटं, तीही बहुतेक बोगद्यातून. रिओमाज्जोरेला तर फलाट इतका आखूड की मागचे डबे बोगद्यातच थांबतात. बेबी म्हणते, बस गं, स्टेशन कुठे आलंय! मी तिला पट्ट्याला धरून ओढली म्हणून उतरलो.

– राहिलात कुठे? हॉटेलात?

– छे. एका बाईंच्या घरात वरची खोली. जिना इतका अरुंद की सॅक पुढे धरून चढायचं. भाड्याशिवाय रात्रीचा माणशी वेगळा कर. पण काकू, न्हाणीघर सोन्यासारखं.

– म्हणजे?

– तिकडे युरोपात बहुतेक ठिकाणी कागदाचा कारभार, माहीत आहे ना तुम्हाला? मुलाकडे गेले होते तेव्हा मी एक मग ठेवला होता लपवून. इटलीत तसं नाही. कमोडच्या शेजारी एक बसकं भांडं असतं, बिडे म्हणतात, त्याला नळ. 1975 साली सरकारनेच नियम केला, घरातल्या निदान एका न्हाणीघरात हे हवंच.

– शहाणे आहेत म्हणायचे. हे आधी नाही का सांगायचं, आमचे हे आले असते.

– आणि वाळत घालायची दोरी खिडकीबाहेर, कप्पीवर. दोरी ओढली की कपडे पुढे सरकतात, खाली गल्ली. बेबीने तिथे आपला फुलाफुलांचा गाऊन टाकला. खाली बघते तर चार पर्यटक माना वर करून फोटो काढतायत. पिवळं घर, हिरव्या झडपा आणि मध्ये बेबीचा गाऊन. आता कुणाच्या तरी बैठकीत चौकटीत लागणार तो.

– रंगीत घरं म्हणजे ती फोटोत असतात तशीच?

– तशीच. गुलाबी, केशरी, पिवळी. कोळ्यांना होडीतून आपलं घर ओळखू यावं म्हणून रंगवली, असं तिथले सांगतात. मला तितकंसं पटलं नाही. पण खरं सांगू, रंगांचं कौतुक अर्ध्या दिवसात संपतं. संध्याकाळी व्हेर्नात्साच्या धक्क्यावर बसायला जागा नाही, इतकी माणसं. सकाळी सातला जा, तेव्हा गाव गावासारखं दिसतं. म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन निघालेल्या, कुणीतरी पायरी झाडतंय.

– खायचे हाल झाले असतील तुझे.

– बेबीचे नाही झाले. ती मासे खाते ना. मोंतेरोस्सोच्या आंचोवीचं फार नाव. बोटभर मासे, रात्री होडीवर दिवे लावून पकडतात, मग डोकं-आतडं काढून एक थर माशांचा, एक थर मिठाचा, असे मुरवतात. बेबीने लिंबू पिळून पाव भरून खाल्ले आणि मला म्हणते, वास घेऊन तरी बघ.

– आणि तू?

– मी फारिनातावर जगले. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. तांब्याची ही एवढी परात, त्यात पातळसर ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. वरून खरपूस, आत मऊ.

– आंबवतात?

– नाही, नुसतं काही तास भिजवून ठेवतात.

– हळद? ओवा? मिरची?

– काही नाही. वरून मिरपूड.

– मेल्यांना एवढा समुद्र दिलाय देवाने, चिमूटभर ओवा नाही दिला.

– आणि पेस्तो. तिथल्या तुळशीची चटणी हो, पण आपली तुळस नव्हे, वेगळी, तिला गोडसर वास. लसूण, पाइनच्या बिया, तेल, चीज, सगळं दगडी खलात कुटायचं. शेवयांसारख्या पिळाच्या पिठाच्या गुंडाळ्या उकडतात, त्याच पाण्यात बटाटा आणि फरसबी, आणि त्यावर हा पेस्तो. मी मागून घेऊन खाल्लं. खाऊन झाल्यावर बेबी सांगते, त्या चीजला वासराच्या पोटातलं विरजण लावतात. कधी सांगितलंन? ताट पुसून झाल्यावर!

– मुद्दाम. मी ओळखते तिला. गंगेत न्हायलीस तेव्हा?

– गंगा कुठली, आठवडाभर बोलले नाही मी तिच्याशी चीजच्या विषयावर. आणि हॉटेलात बसलं की माणशी दोन-तीन युरो नुसते बसायचे. बिलात लिहून येतात, पाव आणि मेजावरच्या कापडाचे म्हणून. बेबी वाद घालते, आम्ही पाव खाल्लाच नाही, मोजा! तो वेटर हसतो आणि बिल तसंच ठेवून जातो. मग आम्ही शहाण्या झालो. कॉफी उभ्याने प्यायची, तीच कॉफी बसून घेतली की महाग.

– आता खरं काय आवडलं ते सांग. एवढं बोलतेस म्हणजे काहीतरी असणार.

– सांगते, हसू नका. गडगे.

– काय?

– मोंतेरोस्सोहून व्हेर्नात्साला डोंगरातून पायवाट आहे. तिकीट काढून चालायचं, पायात सपाता असल्या तर दंड. अंतर साडेतीन किलोमीटरच, पण पायऱ्या एवढ्या की दोन तास धरूनच चालायचे. सगळी माणसं समुद्राकडे बघत चाललेली. मी डोंगराकडे बघत होते. काकू, सबंध डोंगर गडग्यांनी तोलून धरलाय. आपल्यासारखेच, नुसता दगडावर दगड, माती नाही, सिमेंट नाही. कुठे कंबरेएवढा, कुठे डोक्याच्या वर. त्याच्या मागे चार पावलांची पट्टी, तिच्यात द्राक्षाचे वेल नाहीतर ऑलिव्ह नाहीतर लिंबू, की पुन्हा गडगा. हजारेक वर्षं बांधत आलेत. सगळे एका रांगेत मांडले तर हजारो किलोमीटर होतील म्हणतात.

– उतरणीवर? पावसात राहतात?

– तेच तर! एक आजोबा बांधताना दिसले. बेबी पुढे गेली, मी थांबले. ढासळलेल्या जागेचे दगड आधी आकाराप्रमाणे वेगळे करून ठेवलेले. एकेक दगड हातात घेऊन फिरवायचे, या अंगावर, त्या अंगावर, मग ठेवायचे आणि तळव्याने हलवून बघायचे. डुगडुगला की काढायचा, हातोडीने एक टवका उडवायचा, परत ठेवायचा. आणि मागच्या पोकळीत माती नाही टाकत, बारीक खडी भरतात, मुठीमुठीने, ठोकून. पावसाचं पाणी त्या खडीतून उतरतं आणि फटींतून बाहेर येतं. म्हणून पोट सुटत नाही भिंतीला.

– हं. पोट सुटलं की गेला. हा आपला गडगा असाच गेला. आत उंबराचं मूळ शिरलं, दोन पावसाळे फुगत होता, मी सांगत होते. आता आमचा बाबू म्हणतो, चिरे आणून सिमेंटात पक्की भिंत घालू.

– पाण्याला भोकं ठेव म्हणावं.

– तू सांग. माझं कोण ऐकतं? त्या आजोबांची मुलं करतात का हे काम?

– कुठली! मी विचारलं, बेबीच्या मोबाइलवर भाषा बदलून. ते नुसते हसले आणि खाली गावाकडे बोट दाखवलंन. 1874 ला तिथली आगगाडी पुरी झाली, जवळ ला स्पेत्सियाला आरमाराची गोदी होतीच, पुरुष माणसं पगारावर गेली. मग पर्यटक आले. एक खोली भाड्याने दिली की झालं, पाठीवर दगड कोण वाहील? द्राक्षांच्या पेट्या न्यायला आता एकाच रुळावरची छोटी गाडी आहे, खडखडत त्या कड्यावरून चढते, बघून पोटात गोळा येतो. तरी बरेचसे टप्पे ओस. वेल गेले, रान माजलं, गडगे बसले.

– मग डोंगर खाली येत असेल.

– आला ना. 2011, ऑक्टोबरची 25 तारीख. काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस. व्हेर्नात्साचा मधला रस्ता मुळात ओढ्यावर स्लॅब टाकून केलेला. डोंगरावरून माती, दगड, झाडं सगळं त्या रस्त्याने समुद्राकडे निघालं. चिखल पहिल्या मजल्याला भिडला. तीन माणसं गेली त्या गावात, मोंतेरोस्सोतही एक.

– चिपळूणच्या पुरासारखंच ते.

– आता सगळं धुऊनपुसून रंगवलंय, कळत नाही. म्हणून मला राग येतो काकू. त्या वाटेवर पाच मिनिटं उभी राहून मोजलं, गडग्याला हात लावून बघणारं एक माणूस नाही. सगळे पाठ त्याच्याकडे करून फोटो काढतायत. आणि वर त्याच्यावर चढून बसतात, दगड हलतात. 2018 साली युनेस्कोने असे गडगे रचायची कला वारशाच्या यादीत घातली, इटली धरून आठ देशांची.

– आपली नाही?

– नाही.

– का म्हणून? कुणी अर्ज केला नसेल. बाबूला सांगते, एवढं तरी कर म्हणावं. बरं, ती प्रेमाची वाट का काय, ती बघितलीत? सून दाखवत होती मोबाइलवर.

– बघितली. रिओमाज्जोरे ते मानारोला, कड्यात कोरलेली, एक किलोमीटरही नाही. बोगद्याचं काम चालू असताना सुरुंगाची दारू गावापासून लांब ठेवायची म्हणून केलेली वाट. मग दोन गावांतली पोरंपोरी तिथे भेटायला लागली आणि झालं नाव. 2012 साली दरड पडली, चार पर्यटक जखमी झाले, तेव्हा जी बंद केली ती 2024 ला उघडली. आता वेगळं तिकीट, आधी वेळ ठरवून घ्यायची.

– आणि त्या प्रेमाच्या वाटेवर तुम्ही दोघी.

– दोघी, आणि पूर्ण वाटभर बेबी आपल्या जावेबद्दल बोलत होती. नवी जाळी, नवे कठडे, खाली निळंशार पाणी, आणि कानात काय, तर वाटणीत जावेला मोठी पितळी घंगाळं कशी गेली.

– घंगाळं गेली? कधी? मला तर ती म्हणाली होती विकली!

– विकली नाहीत, जावेकडे आहेत. ते सावकाश सांगते. कोर्निल्याचं ऐका आधी. ते एकच गाव समुद्रापासून वर, कड्यावर. स्टेशन खाली, आणि गावात जायला तीनशे ऐंशीच्या आसपास पायऱ्या. बस असते छोटी. बेबी म्हणाली, माझा गुडघा. बसमधून गेली. मी चढले. घामाघूम होऊन वर पोचते तर ही चौकात बसलेली, समोर शाक्केत्रा.

– ते काय आणखी?

– तिथली गोड दारू. द्राक्षं सावलीत वाळवत ठेवतात, पार सुरकुतली की मग रस काढतात. रस निघतो जेमतेम, म्हणून महाग. ग्लासच्या तळाला दोन घोट देतात आणि सोबत बिस्किट.

– प्यायली?

– प्यायली, आणि गुडघा लगेच बरा झाला. येताना उड्या मारत उतरली त्याच पायऱ्या.

– शोभते हो खेडची! आणि खर्चाचं कसं ठरलं? ती पक्की आहे त्यात.

– वहीत लिहिलंय सगळं. काल मुंबईला उतरल्या उतरल्या विमानतळावर हिशोब. तिचे मासे, तिची दारू, माझं आपलं बेसन. मला म्हणते, अर्धं अर्धं.

– त्या दारूचंसुद्धा अर्धं?

– त्याचंसुद्धा. म्हणाली, वास तर तूही घेतलास.